उताऱ्यात आहे तेवढंच

परीक्षा सुटल्यावर उत्तरं ताडून बघू नयेत असं मास्तर सांगतात, आईबाप सांगतात, आणि ज्याचा पेपर वाईट गेलाय तो तर गळ्याची शपथ घालून सांगतो. ऐकतं कोण? घंटा झाली रे झाली की पोरं कंपासपेटी बगलेत मारतात आणि पहिलं काम तेच करतात. झालेलं काही बदलत नाही, फुकटचा जीव मात्र खाली-वर होतो. पण माणसाची खोडच ती, पोरांना तरी काय बोलायचं.

त्या रविवारी रत्नागिरीतल्या एका हायस्कुलाच्या मैदानात, चिंचेच्या सावलीत, आठवीच्या शिष्यवृत्तीला बसलेली चार पोरं अशीच डोक्याला डोकं लावून बसली होती. चौघंही साखरतरच्या पुलापलीकडच्या वाडीतली. राजेंद्र सरांनी त्यांना सकाळच्या एसटीने आणलं होतं, आणि आता सर गेटाबाहेर चहाच्या टपरीवर गेले होते. ऋत्विक हा पोस्टमनचा मुलगा. त्याला सगळं येतं, आणि आपल्याला येतं हे दुसऱ्याला कळल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. सानिका मृणालीची जिवाची मैत्रीण. नितेश रामजी खलाशाचा मुलगा, अभ्यासात यथातथा, पण जिभेला हाड नाही. आणि चौथी मृणाली. सरांची खरी आशा होती ती हिच्यावर. "ही जिल्ह्याच्या यादीत येणार," असं ते भर वर्गात म्हणायचे आणि ऋत्विकचं तोंड कडू व्हायचं.

उत्तरं ताडायची पद्धत नितेशने काढली होती. ऋत्विकने प्रश्न वाचायचा, प्रत्येकाने बोटांनी आपला पर्याय दाखवायचा, आणि ज्या पर्यायाला माणसं जास्त ते उत्तर बरोबर.

"अरे मेल्या, आणि तिघं मिळून चुकले तर?" सानिकाने विचारलं.

"तर तिघं मिळून रडू. एकट्याने रडण्यापेक्षा ते बरं," नितेश म्हणाला.

गणितं झाली, म्हणी झाल्या, समानार्थी शब्द झाले. मृणालीची बोटं आणि ऋत्विकची बोटं जवळजवळ सगळीकडे सारखीच निघत होती, आणि एरवी तिला त्याचा आनंद झाला असता. पण आज तिचं लक्ष पुढच्या पानाकडे होतं. ते पान येऊ नये असं तिला वाटत होतं. ते कसं नाही येणार? ऋत्विकने पान उलटलं आणि घसा खाकरला.

"आता उतारा."

उतारा असा होता. समुद्रकाठच्या एका गावात सगुणा नावाची बाई राहत होती. तिचा नवरा होडी घेऊन मासेमारीला गेला, रात्री वादळ झालं, आणि तो आला नाही. सगुणाने टेकडीवर कंदील लावून ठेवला. मग ती रोजच लावू लागली. इतरांच्या होड्या त्या उजेडावर वाट काढून घरी येऊ लागल्या. तिचे केस पिकले, पाठ वाकली, तरी एकही दिवस कंदील चुकला नाही. ती गेल्यावर गावकऱ्यांनी त्याच टेकडीवर दीपगृह बांधलं. संपला उतारा. खाली पाच प्रश्न होते. चार तर अगदी बाळबोध, सगुणा कंदील कुठे लावी वगैरे. पाचवा मात्र विचार करायला लावणारा होता. ऋत्विकने तो वाचला.

"उताऱ्यावरून सगुणाच्या नवऱ्याबद्दल कोणते अनुमान काढता येईल? एक, तो समुद्रात बुडून मरण पावला. दोन, तो दुसऱ्या गावी राहायला गेला. तीन, उशिरा का होईना, तो परत आला. चार, तो दीपगृहात नोकरीला लागला."

नितेशने एक बोट वर केलं. सानिकाने एक. ऋत्विकने एक. मृणालीने तीन.

"तीन?" ऋत्विक जवळजवळ ओरडलाच. इतका वेळ शोधत होता ती चूक त्याला सापडली होती. "अगो, परत आला असं कुठे लिहिलंय? दाखव बघू."

"मेला असं तरी कुठे लिहिलंय?"

"अनुमान म्हणजे काय मग? परत आला असता तर ती म्हातारी होईपर्यंत कंदील कशाला लावत बसली असती?"

"लोकांच्या होड्यांसाठी," मृणाली म्हणाली. आपलं आपल्यालाच ते पटत नाही हे तिच्या आवाजात स्पष्ट कळत होतं.

"काय पण बोलतेस!" नितेश हसला. "वादळात गेलेला माणूस इतक्या वर्षांनी परत येतो काय? मेलाच तो. त्याला मासे पण..."

सानिकाने त्याच्या दंडाला असा कडकडून चिमटा काढला की तो कळवळला. मग त्याला समजलं. त्याचा चेहरा पडला आणि तो पायाखालची चिंचेची टरफलं गोळा करायला लागला. ऋत्विकने पेपरात डोकं खुपसलं.

मृणालीचा बाप संदेश खलाशी होता. दोन वर्षांमागे नारळी पौर्णिमा होऊन बोटी नुकत्याच बाहेर पडल्या होत्या, आणि अवचित वादळात त्याची बोट उलटली. बाकीचे खलाशी वाचले, कोणी पोहून, कोणी दुसऱ्या बोटीने उचलून आणले. संदेश तेवढा सापडला नाही. जिवंत नाही, मेलेलाही नाही. तेव्हा मृणालीच्या आजोबांनी, आप्पांनी, ग्रामदेवीला कौल लावला. कोकणात अडलेल्या माणसाचं शेवटचं दार तेच. गुरवाने देवीच्या अंगावर कळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि सगळे श्वास धरून बसले. डावी कळी पडली तर नाही, उजवी पडली तर आहे. उजवी पडली. माणूस आहे, देवीने सांगितलं. झालं, त्या दिवसापासून त्या घरात 'बाबा आले की' एवढंच बोलायचं. आई मंगळसूत्र घालत होती, कुंकू लावत होती, वटपौर्णिमेला वडाला जात होती. पितृपक्षात त्याच्या नावाचं पान वाढलं गेलं नाही. दुसऱ्या कुठल्या बोटीने त्याला उचललं असणार, सीमेपलीकडच्या तुरुंगात असणार, अशी आप्पांची ठाम समजूत होती. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून तुरुंगातून खलाशी सुटल्याची बातमी पेपरात आली की ती मृणालीने त्यांना वाचून दाखवायची. सुटलेल्यांची नावंही वाचायची, एकूण एक.

आणि आई? आईचा सगळा जीव त्या कौलावर टिकलाय, अशी मृणालीची पक्की खात्री होती. आपण चुकून जरी 'तो' शब्द बोललो तर आई मोडून पडेल. म्हणून परीक्षेच्या हॉलमध्ये पेन त्या पहिल्या गोलावर टेकलं आणि पुढे जाईना. उत्तर तिला ठाऊक नव्हतं असं नाही हो! ठाऊक होतं म्हणूनच हात अडला. आपल्या हाताने तो गोल काळा करायचा म्हणजे आपणच ते केल्यासारखं तिला वाटलं. तिने तिसरा गोल भरला, आणि घरी न्यायच्या कार्बनखालच्या प्रतीवरही तोच उमटला.

"काय चाललंय?" राजेंद्र सर आले होते. हातात पोरांसाठी वडापावची पुडी होती.

"सर, अनुमानाच्या प्रश्नाला हिने तीन लिहिलंय," ऋत्विक म्हणाला. गप्प बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं. "एक बरोबर ना?"

सरांनी पेपर घेतला. चष्मा वर करून उतारा वाचला, प्रश्न वाचला, पर्याय वाचले. आता हे राजेंद्र सर कसे, तर वर्षभर त्यांनी एकच मंत्र दिला होता. 'उताऱ्यात आहे तेवढंच. तुमचं डोकं, तुमचं घर, तुमच्या आजीच्या गोष्टी, सगळं वर्गाबाहेर ठेवायचं.' काना चुकला तरी अर्धा मार्क कापणारा माणूस. कोणाचं चुकलेलं त्यांनी कधी बरोबर म्हटलं नव्हतं, स्वतःच्या भाचीचंसुद्धा नाही.

त्यांनी मृणालीकडे पाहिलं, मग लगेच दुसरीकडे.

"तीन पण... चालेल," ते म्हणाले. "तसंही घेता येईल."

"पण सर, तुम्हीच म्हणता की..."

"गप रे तू! वडापाव खा."

मृणालीने आपला वडापाव तसाच पुडीत ठेवला. ऋत्विकच्या ओरडण्याने जे झालं नव्हतं ते सरांच्या त्या दोन शब्दांनी झालं. सर कोणावर दया करतात? तर ज्याच्या घरी कोणी गेलंय त्याच्यावर. म्हणजे सरांना ठाऊक आहे. सानिकाला ठाऊक आहे, नितेशला ठाऊक आहे, सगळ्या वाडीला ठाऊक आहे. कौलावर विश्वास ठेवून बसलेली तेवढी तीन माणसं, आणि ती तिघंही आपल्याच घरातली.

परतीच्या एसटीत नितेशने तिला खिडकीची जागा दिली. असलं काही तो जन्मात करत नाही. शिरगाव मागे पडलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "मी असंच बोललो गो. उताऱ्याबद्दल."

"तुझे बाबा होते ना त्या बोटीवर," मृणाली म्हणाली. "ते काय सांगतात रे?"

नितेशने समोरच्या सीटचा फाटलेला रेक्झिन आणखी फाडला. "आमच्या घरात तो विषय नसतो," तो म्हणाला. आणि मग उतरेपर्यंत त्या बोलघेवड्याने तोंड उघडलं नाही.

साखरतरचा पूल आला. ओहोटी होती, खाडीत चिखल उघडा पडला होता. मृणालीने पिशवीतून प्रश्नपत्रिका काढली आणि खिडकीशी धरली. सोडून द्यावी, वाऱ्याने उडाली म्हणून सांगावं. कारण घरी गेल्यावर काय होणार हे तिला माहीत होतं. तिच्या आईची, दर्शनाची, एक रीत होती. आई स्वतः सातवीनंतर घरी बसली, पण पोरीचा प्रत्येक पेपर घरी आला की तो आईला मोठ्याने वाचून दाखवायचा. आई काम करता करता उत्तरं द्यायची, आणि आईने उत्तर दिल्याशिवाय मृणालीने आपलं सांगायचं नाही. आई हुशार होती, पुष्कळदा सगळी बरोबर द्यायची. आजही ती सकाळीच म्हणाली होती, "पेपर नीट घडी करून आण. संध्याकाळी माझी पण परीक्षा हाय."

आता तिला तो उतारा वाचून दाखवायचा? त्या बाईचा, त्या कंदिलाचा? पूल संपला तरी पेपर हातातच राहिला. आईचा तेवढाच एक आनंद, तो खाडीत टाकायला तिचा हात धजेना.

घरी आली तेव्हा आई मागच्या पडवीत कोळंबी सोलत बसली होती. पुढच्या पडवीत आप्पा रेडिओ कानाशी धरून होते. तिने हातपाय धुतले, चहा घेतला, उगाच इकडचं तिकडे केलं.

"बस आता. वाच," आई म्हणाली.

मृणालीने वाचायला घेतलं. आई सोलता सोलता उत्तरं देत होती. एक गणित तिने मनातल्या मनात सोडवलं आणि बरोबर आलं तेव्हा ती लहान पोरीसारखी हसली. ते हसू बघून मृणालीला जास्तच भरून आलं. उताऱ्याचं पान आलं. तिने दोन पानं एकदम उलटली आणि पुढच्या प्रश्नापासून सुरुवात केली.

"थांब. मधले प्रश्न कुठे गेले?"

"कुठले?"

"मी अडाणी असेन, पण आकडे कळतात मला. मधले पाच खाल्लेस काय?"

"उतारा आहे. मोठा आहे गो. कंटाळा येईल तुला."

"उतारा मला सगळ्यात जास्त आवडतो, तुला माहीत नाय होय? वाच."

मृणालीने वाचलं. शक्य तितक्या भरभर, एका सुरात, बाजाराची यादी वाचावी तसं. टेकडी, वादळ, कंदील. आईचे हात चालूच होते. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं आईने पटापट दिली. पाचवा प्रश्न वाचताना मृणालीचा आवाज चिरकला. चारही पर्याय वाचून झाले आणि तिने मान वर केली नाही.

"एक," आई म्हणाली.

मृणालीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"एक नंबर," आई पुन्हा म्हणाली. "तो बुडाला. सगुणाला पण ठाऊक असणार ते. पहिल्याच दिवसापासून."

आईच्या हातातली कोळंबी सोलून झाली होती, तरी ती तिलाच चाचपत राहिली.

"आई, पण कौल..."

"कौल उजवा पडला. आप्पा देवळातून आले ते हसत आले. आणि त्याच दिवशी दुपारी रामजीभावजी आले. मागच्या दाराने, इथे, या पायरीवर. बाप्या माणूस माझे पाय धरून रडला गो. दोघं एकाच पिंपाला धरून होते. म्हणाला, वैनी, त्याचा हात माझ्या हातातनं सुटला. डोळ्यांदेखत खाली गेला." आईने हाताच्या मागच्या बाजूने नाक पुसलं. "मी सांगितलं त्याला, हे कोणाला बोलू नका. आप्पांना तर नाहीच. तरी वाडीभर झालंच ते, पण आप्पांच्या कानावर कोणी घातलं नाही. एरवी दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय ते सांगत फिरणारी माणसं ही."

मृणालीला रडू आलं नाही, राग आला. असा राग तिला आईचा कधीच आला नव्हता. "आणि मला? मला का नाही सांगितलंस?"

"तू शाळेतून आलीस की आधी दारात बाबांच्या चपला आल्यात काय ते बघायचीस. मी म्हणायची, आज नको, उद्या सांगू. उद्याचं उद्या करत राहिले." आई थांबली. "तू काय लिहिलंस?"

मृणालीने कार्बनची प्रत पुढे केली. आईने ओले हात लुगड्याला पुसले, बोट ठेवत ठेवत ती ओळ शोधली. तिसरा गोल काळा होता.

"तुला येत नव्हतं?"

मृणालीने प्रश्नपत्रिकेची घडी घातली.

"माझ्यासाठी?"

तिने होय म्हणून मान हलवली. आणि मग मात्र तिचा बांध फुटला. आईने तिला जवळ ओढलं. आईच्या अंगाला कोळंबीचा वास येत होता, आणि आईही रडत होती, पण आवाज न करता. इतका सराव होता तिला त्याचा. दोन वर्षं ही बाई अशी रडत होती आणि भिंतीपलीकडे कोणाला पत्ता नव्हता.

"चुकलीस हो बाय," आई तिच्या केसांत तोंड घालून म्हणाली. "मीच चुकवलं तुला."

पुढच्या पडवीतला रेडिओ बंद झाला. काठी टेकल्याचा आवाज आला, आणि भिंत चाचपत आप्पा दारात येऊन उभे राहिले. आईने पदराने डोळे कोरडे केले. तिने मृणालीचा हात दाबला, फक्त एकदा.

"काय वाचतेस गो? होड्याबिड्यांचं काहीतरी ऐकलं मी," आप्पा म्हणाले. "पेपरात होड्या पण असतात काय आता?"

"गोष्ट होती आप्पा. उतारा."

"मग सांग की मला पण. आम्ही काय कोणी नाय?"

ते उंबऱ्यावर बसले. मृणालीने सांगितलं. सगुणा, तिचा नवरा, वादळ, टेकडीवरचा कंदील. केस पिकल्याचं तिने सांगितलं नाही, दीपगृहाचंही नाही. आप्पा पांढुरके डोळे तिच्या आवाजाच्या दिशेने लावून ऐकत होते, मध्ये मध्ये मान डोलवत होते.

"बरी बाई," ते म्हणाले. "मग? आला काय तिचा नवरा?"

मृणालीने आईकडे पाहिलं. आईने खाली घातलेली मान वर केली नाही. ती पुढची कोळंबी सोलायला लागली होती. सकाळी या प्रश्नाला मृणालीचा हात अडला होता. आता तिचा आवाज अडला नाही.

"आला आप्पा," ती म्हणाली. "उशिरा आला, पण आला."

"बघ! मी सांगत होतो ना तुम्हाला?" आप्पा म्हणाले, आणि काठी टेकत उठून परत रेडिओकडे गेले.